नुसता बसून राहणारा रेणू पेशीची वाढ कशी थांबवतो?

प्रश्न (जैवरसायन विद्यार्थिनी):
नमस्कार. फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगातील पेशींची वाढ न्यूरोपेप्टाइड अँटॅगॉनिस्ट (चेतापेशींच्या निरोप्या पेप्टाइडांना, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांना, अडवणारे रेणू) रोखतात, असे वाचले. परंतु जो रेणू रिसेप्टरवर (पेशीवरील निरोप झेलणाऱ्या प्रथिनावर) बसून स्वतः काहीच घडवत नाही, त्याच्यामुळे पेशीविभाजन कसे थांबते, हे उमगत नाही. शिवाय सबस्टन्स पी या पेप्टाइडात फेरफार करून बनवलेले हे रेणू बॉम्बेसिन या दुसऱ्या पेप्टाइडाच्या रिसेप्टरवर कसे चालतात? केमोथेरपीच्या वेळी दिले जाणारे ॲप्रेपिटंटही याच प्रकारातले का?

उत्तर (पेशीविज्ञान अध्यापक):
आधी या पेशींची खोड समजून घ्या. बॉम्बेसिन हे १४ अमिनो आम्लांचे पेप्टाइड एर्स्पामेर यांच्या गटाने १९७१ मध्ये बॉम्बिना या युरोपीय बेडकाच्या कातडीतून वेगळे केले. सस्तन प्राण्यांतील त्याचे भावंड म्हणजे २७ अमिनो आम्लांचे गॅस्ट्रिन रिलीझिंग पेप्टाइड, आणि दोघांच्या शेपटाकडील शेवटची ७ अमिनो आम्ले तंतोतंत सारखी आहेत. स्मॉल सेल कर्करोगाच्या पेशी हे पेप्टाइड स्वतःच स्रवतात आणि स्वतःच्याच रिसेप्टरवर झेलतात. ते वाटेतच पकडणारी प्रतिपिंडे दिल्यावर त्यांची वाढ मंदावते, हे १९८५ मध्ये दाखवले गेले. म्हणजे वाढीचा हुकूम सोडणारी आणि पाळणारी पेशी एकच.

पेप्टाइड बसले की रिसेप्टरचा आकार किंचित बदलतो, आतील बाजूचे जीक्यू हे निरोप पुढे नेणारे प्रथिन जागे होते आणि ते फॉस्फोलायपेझ सी या विकराला कामाला लावते. हा विकर पटलातील एका लिपिडाचे दोन तुकडे करतो: एक आतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडवतो, दुसरा प्रोटीन किनेझ सी (किनेझ म्हणजे इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारा विकर) चेतवतो, पुढे ईआरके किनेझांची साखळी चालू होऊन डीएनएची नक्कल सुरू होते. अँटॅगॉनिस्ट त्याच खोबणीत बसतो, पण आकारातील तो बदल घडू देत नाही, म्हणून पुढचे काहीच सुरू होत नाही.

सबस्टन्स पीचे म्हणाल, तर तेही बॉम्बेसिनप्रमाणेच ल्युसिन आणि अमाइडयुक्त मेथिओनिन या अमिनो आम्लांवर संपते. ७व्या आणि ९व्या जागी डी-ट्रिप्टोफॅन (ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे आरशातील रूप) घातले की रेणू खोबणीला चिकटतो, पण तिला चालना देत नाही.

उत्तर (प्रयोगशाळेत काम करणारा):
हे डोळ्यांनी पाहता येते. उंदराच्या स्विस ३टी३ पेशींत फ्युरा-२ हा कॅल्शियम दाखवणारा रंग भरून बॉम्बेसिन टाकले की काही सेकंदांत कॅल्शियमची रेषा सुळक्यासारखी वर जाते आणि मग हळूहळू उतरते. अँटॅगॉनिस्ट आधी दिला असेल, तर तीच रेषा जवळजवळ सपाट राहते. मात्र केवळ एवढ्यावर विश्वास ठेवू नये, कारण मेलेल्या पेशीचीही रेषा सपाटच असते. म्हणून दुसऱ्या पात्रात अँटॅगॉनिस्टसोबत पीडीजीएफ हे वाढीला चालना देणारे वेगळे प्रथिन द्यावे, ज्याचा रिसेप्टर सर्वस्वी वेगळा आहे. तेथे डीएनएची नक्कल पूर्वीसारखीच झाली, तर अडथळा रिसेप्टरपाशी आहे आणि औषध पेशीला सरसकट विषारी नाही, असे म्हणता येते. माझ्या मते या विषयातील खरा पुरावा हाच.

प्रश्न (जैवरसायन विद्यार्थिनी):
आभारी आहे. मग बॉम्बेसिन वाढवत नेले, तर ते अँटॅगॉनिस्टला हुसकावून लावेल का?

उत्तर (प्रयोगशाळेत काम करणारा):
होय, स्पर्धात्मक (त्याच जागेसाठी झगडणारा) अँटॅगॉनिस्ट असेल तर मात्रा आणि प्रतिसाद यांचा आलेख उजवीकडे, म्हणजे जास्त मात्रेकडे सरकतो, पण कमाल प्रतिसाद तोच राहतो. अडचण मात्रेची आहे: बॉम्बेसिन नॅनोमोलर पातळीवर काम करते, तर सबस्टन्स पीवर आधारलेले हे रेणू मायक्रोमोलर, म्हणजे हजारपट जास्त पातळीवर द्यावे लागतात.

उत्तर (औषधशास्त्र अभ्यासक):
दोन दुरुस्त्या सुचवतो. पहिली अशी, की गाठीतील पेशी केवळ एका पेप्टाइडावर विसंबून नसतात. व्हॅसोप्रेसिन, ब्रॅडिकायनिन, कोलेसिस्टोकायनिन यांचेही रिसेप्टर त्यांच्यावर असतात, आणि एक दार लावले तर निरोप दुसऱ्या दाराने आत येतो. सबस्टन्स पीचे हे फेरफार केलेले रेणू महत्त्वाचे ठरले ते एकाच वेळी अनेक दारे अडवतात म्हणून. एका रिसेप्टरवरील त्यांची पकड तशी सामान्यच आहे.

दुसरी दुरुस्ती ‘काहीच घडवत नाही’ या समजुतीची. यांपैकी काही रेणू जीक्यूचा मार्ग अडवतात, पण त्याच रिसेप्टरद्वारे जी१२ प्रथिनाचा मार्ग चालू करून जेएनके हा किनेझ चेतवतात, आणि अशा पेशी पुढे आत्मनाशाकडे वळू शकतात. अशा रेणूला निव्वळ अँटॅगॉनिस्ट म्हणण्यापेक्षा पक्षपाती ॲगॉनिस्ट (रिसेप्टरचा एकच मार्ग निवडून चालू करणारा रेणू) म्हणणे अधिक अचूक होईल.

ॲप्रेपिटंट हा सबस्टन्स पीच्या एनके१ रिसेप्टरला नेमकेपणाने अडवणारा, पेप्टाइड नसलेला लहान रेणू आहे. अमेरिकेत त्याला २००३ मध्ये मान्यता मिळाली ती केमोथेरपीतील मळमळ व उलटी रोखण्यासाठी; गाठीची वाढ थांबवण्यासाठी तो दिला जात नाही.