मदत हवी आहे: नेपाळमध्ये शिवण शिकवायला जायचंय, संस्था कशी पारखू?

मी अंबाजोगाईची. 9 वर्षं ऊसतोड करणाऱ्या एकल बायकांना शिवण शिकवते. कोयत्यानं घट्टे पडलेला हात मशीनवर सरळ टीप मारतो, तेव्हा बाईचा चेहराच बदलतो. आता 3 महिने काठमांडूत, डान्सबारमधून बाहेर पडलेल्या बायकांना शिकवायला जायचंय.

व्हिसा लागत नाही, राहण्या-जेवण्याचा खर्च मी करीन. पण एका संस्थेनं आधीच 60 हजार मागितले. तुमच्याकडे शिकलेल्या बायका आज कुठं कामाला आहेत, असं दोनदा विचारलं. नुसते फोटो आले. प्रमाणपत्र देऊन बायकांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांकडं मला जायचं नाही. नेपाळात स्वयंसेवी संस्थांवर देखरेख ठेवणारी सरकारी समाज कल्याण परिषद आहे, तिच्याशी संस्था संलग्न असते, एवढं कळलंय.

ही संलग्नता इथं बसून कशी तपासायची? आणि नेपाळात असं काम केलेलं कुणी आहे का?