प्रतिसाद: सर्वात वाईट हंगाम मेट्सचा नव्हे

अमेरिकी बेसबॉलमधला सर्वात वाईट हंगाम न्यूयॉर्क मेट्स संघाचा, १९६२ मधले ४० विजय आणि १२० पराभव हा तळ, असा एक दावा आहे. पराभवांच्या संख्येत विसाव्या शतकापुरतं ते मान्य, पण १८९९ चे क्लीव्हलँड स्पायडर्स त्याहून कितीतरी खाली होते: २० विजय, १३४ पराभव. आणि तो संघ मुळात दुबळा नव्हता, मालकांनी तो सोलून काढला. या मालकांनी, म्हणजे रॉबिसन बंधूंनी, सेंट लुईसचा संघही विकत घेतला (तेव्हा दोन संघ बाळगायला बंदी नव्हती) आणि साय यंग, जेसी बर्केट, बॉबी वॉलेस असे बिनीचे खेळाडू तिकडे हलवले. उरलेल्यांपैकी पिचर (चेंडू टाकणारा) जिम ह्यूईच्या नावावर ४ विजय, ३० पराभव.

खरी मेख प्रवासात आहे. घरच्या सामन्यांना सरासरी दीडशेही प्रेक्षक येईनात. पाहुण्या संघाला तिकीटविक्रीतला वाटा मिळे, त्यात रेल्वेभाडंही सुटेना, म्हणून ते क्लीव्हलँडला यायलाच नकार देऊ लागले. परिणामी घरी फक्त ४२ सामने, बाहेर ११२, आणि त्यातले १०१ हरले. बाहेरच्या पराभवांचा हा विक्रम आता मोडणं अशक्य, कारण हल्ली संघ बाहेर साधारण ८१ सामनेच खेळतो. पुढच्या वर्षी नॅशनल लीगने (हा संघ जिच्यात खेळे ती स्पर्धा) बारापैकी चार संघ वगळले, त्यात हाही गेला.