तीनने गुणा आणि झालं?

कंदील: काल इथे एका विद्वानांनी लिहिलं की कॅन्सरच्या गाठीवर सोडतात ते कार्बन आयन (कार्बनचे वेगवान, विद्युतभारित अणू) एक्स-रेच्या तिप्पट मारक, म्हणजे किरणांचा डोस 3 ने गुणा आणि झालं. अहो, तो 3 आला कुठून? जपानात चिबाला 1994 मध्ये कार्बनचे उपचार सुरू झाले तेव्हा तिथल्या लोकांच्या गाठीशी न्यूट्रॉनने उपचार करण्याचा अनुभव होता. एलईटी (किरण वाटेत किती दाटीने ऊर्जा सोडतो ते माप) 80 च्या आसपास असेल तिथे कार्बन न्यूट्रॉनसारखा वागतो, म्हणून त्या एका जागी आरबीई, म्हणजे एक्स-रेच्या किती पट मारक तो आकडा, 3 धरला. कातडीपाशी तो बराच कमी. फ्रॅक्शनचा, म्हणजे एका बैठकीचा, डोस वाढवा, आरबीई उतरतो. पेशी बदला, पुन्हा वेगळा. त्यात जर्मनीच्या डार्मस्टाटवाल्यांचं एलईएम, म्हणजे आरबीई काढायचं मॉडेल, निराळं. आरबीईने गुणलेले जपानी 3.6 ग्रे (ग्रे हे डोसचं एकक) म्हणजे एलईएमच्या मापात साधारण 4.15. किरण तोच!

सरळमार्गी: तो विद्वान मीच. लोकांना समजावं म्हणून सोपं केलं, त्यावर एवढा थयथयाट? प्रोटॉनला अख्खं जग डोळे मिटून आरबीई 1.1 धरतं, तेव्हा कुठे जाता?

कंदील: तीही सोयच. पल्ल्याच्या टोकाला तो 1.1 राहत नाही. पण तिथली चूक थोडी, इथली भलतीच.

आप्पा_कोकणे: डोस, डोस, डोस! मराठीत 'मात्रा' हा शब्द मेला का?

जास्वंद: आप्पा, मात्रा म्हटलं की माझी आजी हेमगर्भ उगाळायला बसेल.

आप्पा_कोकणे: आजीला नावं ठेवू नका. शब्द वापरला की रुळतो. 'संगणक' रुळलाच ना?

जास्वंद: तुम्ही हे कशावर टाइप केलंत, संगणकावर की मोबाइलवर?

निमा_ताई: भांडा खुशाल. माझ्या भाऊजींना माकडहाडाच्या वर कॉर्डोमा, म्हणजे मणक्याच्या हाडातला कॅन्सर, निघाला. दोन ठिकाणी विचारलं. एकूण डोस जपानहून आला 70.4 ग्रे, इटलीहून 73.6, दोन्हीकडे 16 फ्रॅक्शन. भाऊजी म्हणाले, इटलीवाले जास्त देतायत, तिकडेच जाऊ. जणू भाजीवालीने वर कोथिंबीर घातली! इथल्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "तुम्हाला नाही कळणार." शेवटी भाचीच्या ओळखीतल्या एका फिजिसिस्टने फोनवर दहा मिनिटांत सांगितलं की मोजपट्ट्या दोन आहेत, माल जवळपास सारखाच.

सरळमार्गी: म्हणजे दोन मोजपट्ट्या, एक माणूस. मॉडेलं कुचकामीच ठरली की.

कंदील: कुचकामी नाहीत. आपली मोजपट्टी कोणती ते विसरलात तर घात. जपानी आकडा तसाच उचलून एलईएममध्ये घातला तर गाठीला कमी पडेल. इटलीत पाविआच्या केंद्रात एलईएम चालतं; तिथे जपानी पद्धत घेतली तेव्हा म्हणूनच आकडे बदलून घेतले. तुमच्या 3 ने हे झालं असतं?

सरळमार्गी: बरं बाबा, 3 मागे घेतो. पुढच्या वेळी पोस्ट टाकण्याआधी आपली परवानगी घेईन, महाराज.

निमा_ताई: भाऊजी जपानला गेले. इतक्या गडबडीत कोणी विचारलंही नाही.

जास्वंद: अगं, मग कसे आहेत आता?

निमा_ताई: चालतात. बसायला उशी लागते.

आप्पा_कोकणे: छान. फ्रॅक्शनला 'हप्ता' चालेल का?

जास्वंद: आप्पा, हप्ता पोलीस घेतात.