मदत हवी आहे: मधुमेही गिऱ्हाइकांना लस घ्यायला कसं तयार करावं?

नमस्कार मंडळी,

पुण्यात धनकवडीला माझं छोटं मेडिकल आहे. शुगरच्या गोळ्या दर महिन्याला नेणारी शंभर-सव्वाशे माणसं ठरलेली. डॉक्टरांकडे ती तीन-चार महिन्यांनी जातात, माझ्याकडे महिन्याच्या महिन्याला. कोणाची मेटफॉर्मिन कधी संपते हे मला पाठ आहे, पण लस घेतली का, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

गेल्या श्रावणात आमचे एक काका फ्लूनंतर न्यूमोनिया होऊन अकरा दिवस आयसीयूत होते. वाचले. काकू डिस्चार्जचा कागद घेऊन इन्सुलिन न्यायला आल्या आणि म्हणाल्या, "अशी लस असते हे तिथल्या सिस्टरने सांगितलं. तू तर दर महिन्याला भेटतेस गं." रागाने नव्हत्या बोलल्या. मला मात्र उत्तर सुचलं नाही.

तेव्हापासून विचारते. फ्लूची दरवर्षी, न्यूमोकोकलची (न्यूमोनियाची), पन्नाशीनंतर नागिणीची. हिपॅटायटिस बीचीही सांगते, कारण ही कावीळ रक्तातून पसरते आणि कित्येक घरांत नवरा-बायको शुगर तपासताना बोट टोचायला एकच पेन वापरतात, सुईसुद्धा तीच! पण उत्तरं ठरलेली: "लस लहान मुलांना असते", "करोनाच्या घेतल्यात की", "ताप येऊन शुगर वाढेल". २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगा पाहिलेली माणसंही असंच म्हणतात. पैशांचा प्रश्न तर खराच आहे. सरकारी मोफत लसी मुख्यतः बाळांना आणि गरोदर बायकांना.

खरी अडचण पुढे आहे. इंग्लंड-अमेरिकेत फार्मसिस्ट दुकानातच लस टोचतात. आपल्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि टोचायलाही तेच. माणूस माझ्या काउंटरवर "हो" म्हणतो, दवाखान्यात विषय काढायला लाजतो, आणि राहून जातं. शेजारच्या डॉक्टरांशी हे कसं जुळवता? आठवण कशी ठेवता? विकायला बसलेय असं न वाटता कसं बोलावं?

प्रतिसाद १
ताई, मी कर्वेनगरला आहे. आधी डॉक्टरांना भेटा, गिऱ्हाइकाशी नंतर बोला. मी छोट्या चिठ्ठ्या छापल्यात: नाव, मधुमेह किती वर्षं, कोणती लस राहिली. पेशंट ती नुसती डॉक्टरांपुढे ठेवतो, त्याला बोलावं लागत नाही. डॉक्टर तपासून ठरवतात. फ्लूच्या लसीचा विषय मे महिन्यात काढा, पावसाच्या आधी. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल, हे आपणच आधी सांगायचं; टोचायची फ्लूची लस मृत विषाणूची असते, तिने फ्लू होत नाही. तारीख त्यांच्या शुगरच्या वहीत पहिल्या पानावर लिहा. लस २ ते ८ अंशांतच हवी आणि गोठली तर वाया, म्हणून दवाखान्यात पाठवताना खोका बर्फाला चिकटू देऊ नका. गुरुवारी लाइट जाते तेव्हा मी फ्रिज उघडतच नाही.

धागाकर्ती
खूप आभार दादा. चिठ्ठीचं मला सुचलंच नव्हतं. तिचा मजकूर इथे टाकाल का? काकांची पहिली भरते. काकू सोमवारी इन्सुलिन न्यायला येतील.