मदत हवी आहे : चार मतांच्या प्रभागात अपक्षाचं बटण कसं समजवायचं?

पुणे महापालिकेची निवडणूक, मतदान १५ जानेवारी २०२६. आमच्या ताई चार सदस्यांच्या प्रभागात 'क' जागेवर अपक्ष उभ्या आहेत. प्रभागात २०२१ साली महापालिकेत आलेली गावं आणि त्यांच्या भोवती उगवलेल्या सोसायट्या, दोन्ही आहेत. बऱ्याच जणांचं इथलं हे पहिलंच महापालिका मतदान.

खरी अडचण अशी: मतदाराला अ, ब, क, ड अशा चारही जागांसाठी बटण दाबावं लागतं, त्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. पक्षांचं सोपं आहे, चारही ठिकाणी एकच चिन्ह. आमचं चिन्ह फक्त एका जागेवर, तेही नुकतंच मिळालेलं. परवा पुठ्ठ्याचं यंत्र करून गावठाणात सराव घेतला. एका आजींनी आमचं बटण बरोबर दाबलं आणि लगेच उठल्या, "झालं की गं!" बाकीची तीन राहिलीच.

पत्रकं वाटली, कोपरा सभा घेतल्या. गावात चालतंय. सोसायट्यांत मात्र गेटवरच अडवतात, समितीच्या ग्रुपवर प्रचाराला बंदी आहे (ते मला पटतं, तिथे घुसायचं नाही). कार्यकर्ते अकरा, पैसे बेताचे, सगळा खर्च हिशेबात दाखवायचा.

'उरलेल्या तीन जागांवर कुणाला द्या' हे ताई सांगणार नाहीत, ते ठरलंय.

बहुसदस्यीय प्रभागात अपक्षाचं काम केलेल्यांनी सांगा: नमुना यंत्रावर फक्त आपलंच नाव-चिन्ह ठेवून दारोदार दाखवायला परवानगी लागते का, आणि लागत असेल तर अर्ज नेमका कुणाकडे करायचा?