शब्दचर्चा: 'स्पॉटिंग' म्हणजे हेरणं, टिपणं की नुसतं दिसणं?

विचारणा

लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरांवर मराठीत लिहिताना 'स्पॉटिंग'साठी, म्हणजे दूरचं विमान डोळ्यांनी शोधण्यासाठी, चार-पाच शब्द सर्रास वापरले जातात: दृश्यमानता, टिपणं, हेरणं, दिसणं, टेहळणी. दूरचं विमान स्क्रीनवर दिसत नाही, अशी तक्रार कुणी केली की प्रत्येक जण आपल्या शब्दाप्रमाणे वेगळाच उपाय सांगतो. यातला कोणता शब्द कुठे बसतो? एकच शब्द पक्का करता येईल का?

उत्तर

सगळ्यात आधी 'दृश्यमानता' बाजूला काढा. तो शब्द हवामानवाल्यांचा आहे आणि तिथे त्याला नेमका अर्थ आहे: हवेतून किती अंतरापर्यंतचं दिसतं. विमानतळांच्या हवामान संदेशात तो आकडा मीटरमध्ये देतात आणि ९९९९ म्हणजे १० किलोमीटर किंवा त्याहून जास्त. सिम्युलेटरच्या मिशन एडिटरमध्येही, म्हणजे मोहीम स्वतः रचायच्या भागात, धुक्याचा पल्ला असाच ठरवतात. म्हणून 'दृश्यमानता कशी वाढवायची?' असं विचारलं की लोक धुकं कमी करायला सांगतात. आकाश निरभ्र असूनही विमान दिसत नसेल तर त्या उपायाचा काय उपयोग?

'टेहळणी'ही नको. ते बुरुजावरचं काम, तासन्‌तास चालणारं.

उत्तर

'टिपणं' तर धोक्याचं आहे. चोच दाणे टिपते, कॅमेरा दृश्य टिपतो, पण लढाईच्या बातमीत 'शत्रूचं विमान टिपलं' म्हणजे पाडलं. संघातल्या साथीदाराने 'टिपला!' म्हटल्यावर बाकीच्यांनी नजर काढून घेतली आणि तो फक्त दिसला होता, असं झालं तर काय होईल ते सांगायला नको.

'हेरणं' बरोबर बसतं. वेळ हेरतात, सावज हेरतात, म्हणजे त्यात शोधणाऱ्याचा हेतू आहे. आपोआप दिसलं तर ते 'नजरेस पडणं'. रडारने दिशा सांगितली आणि मग डोळ्यांनी शोधायचं असेल तर 'हुडकणं', कारण तिथे काहीतरी आहे हे आधीच माहीत असतं. रडारवरच्या नुसत्या खुणेला 'सुगावा' म्हणायला हरकत नाही.

उत्तर

हेरण्याच्या आधीची एक पायरी सगळे विसरतात. विमान स्क्रीनवर *उमटलं* तरी पाहिजे. जे उमटलंच नाही ते गरुडाच्या नजरेलाही हेरता येणार नाही. हा सगळा हिशोब कोनांचा आहे आणि त्यासाठी आपल्याकडे पंचांगातले शब्द तयार आहेत: एका अंशात ६० कला, एका कलेत ६० विकला. चंद्राचा व्यास साधारण ३० कला दिसतो. निरोगी डोळा सुमारे १ कलेचा तपशील वेगळा करू शकतो.

आता १५ मीटर लांबीचं एफ-१६ आडवं, १० किलोमीटरवर धरा. ते ५ कला भरतं, म्हणजे चंद्राच्या सहाव्या भागाएवढं. खऱ्या आकाशात सहज दिसावं. पण १९२० पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनवर आडवं दृष्टिक्षेत्र, म्हणजे स्क्रीनवर एका वेळी दिसणाऱ्या दृश्याचा कोन, ८० अंश ठेवलं तर मध्यभागी एक पिक्सेलच ३ कलांचा होतो. विमानाच्या वाट्याला पावणेदोन पिक्सेल. २५६० रुंदीला पिक्सेल सव्वादोन कलांचा, ३८४० ला दीड कलेचा. तेच विमान समोरून येत असेल तर धड जेमतेम दीड-दोन मीटर रुंद आणि पंख कागदासारखे पातळ, म्हणजे एक पिक्सेलही भरत नाही.

झूम करून दृष्टिक्षेत्र ३० अंशांवर आणलं की १९२० च्याच स्क्रीनवर पिक्सेल १ कलेच्या आत येतो. पावणेदोनचे पाच पिक्सेल होतात. काही लोक झूमला फसवणूक समजतात. उलट, स्क्रीनने जे काढून घेतलं तेच झूम परत देतो.

हरकत

'कला' वाचून लोकांना चित्रकला आठवेल. मिनिट म्हटलेलं काय वाईट?

उत्तर

मिनिट म्हटलं की घड्याळ आठवतं. 'दोन मिनिटांचा ठिपका' वाचून कुणीही गोंधळेल. कला चालू द्या, पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांगा.

'दृष्टिक्षेत्र' मात्र दोन अर्थांनी वापरलं जातंय, ते वेगळं करायला हवं. एक सिम्युलेटर दाखवतो ते, दुसरं स्क्रीन डोळ्यासमोर प्रत्यक्ष व्यापते ते. २७ इंची स्क्रीन ६० सेंटिमीटरवर ठेवली तर ती साधारण ५३ अंश व्यापते. तिच्यात ८० अंश कोंबले की मधलं सगळं सुमारे १.७ पट लहान होतं, म्हणजे ६ किलोमीटरवरचं विमान १० किलोमीटरवर असल्यासारखं दिसतं. पहिल्याला 'दृष्टिक्षेत्र' आणि दुसऱ्याला 'स्क्रीनचा कोन' म्हणा. दोन्ही जुळले की आकार खरे दिसतात. नेहमीच्या उड्डाणाला तेवढं अरुंद क्षेत्र गैरसोयीचं, म्हणून झूम बटणावर न ठेवता थ्रॉटलवरच्या (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावरच्या) स्लायडरला किंवा फिरत्या चकतीला जोडावा. बटणाचा झूम एकदम उडी मारतो आणि जी जागा बघत होतो तीच हरवते.

उत्तर

उमटणं झालं, पुढची पायरी 'उठून दिसणं'. हा शब्द रंगाचा आहे, आकाराचा नाही, आणि बहुतेकांची अडचण इथेच असते.

चार नमुन्यांचं एमएसएए हे कडा गुळगुळीत करणारं तंत्र एका पिक्सेलमध्ये चार ठिकाणी तपासतं. पंख त्यातल्या एकाच ठिकाणी सापडला तर पिक्सेलमध्ये विमानाचा रंग २५ टक्के आणि आकाशाचा ७५ टक्के. ठिपका उमटला, पण फिका. टीएए या त्याच कामाच्या दुसऱ्या तंत्राची गोष्ट आणखी वेगळी. ते मागच्या फ्रेम मिसळत जातं, म्हणून सरकणारा बारीक ठिपका पुसट होतो किंवा मागे शेपूट सोडतो. डीएलएसएस लहान चित्र बनवून ते मोठं करतं; त्याच्या क्वालिटी मोडमध्ये २५६० × १४४० चं चित्र आतून सुमारे १७०७ × ९६० मध्ये बनतं, म्हणजे पिक्सेल मुळातच मोठा. ग्राफिक्स कार्ड झेपवत असेल तर त्याचंच भावंड डीएलएए बरं, कारण ते पूर्ण रिझोल्यूशनवर चालतं. मिसळण्याचा दोष मात्र त्यातही थोडा राहतो.

कडा गुळगुळीत करणं पूर्ण बंद केलं तर पिक्सेल एक तर पूर्ण रंगतो नाहीतर मुळीच नाही. विमान हललं की ठिपका *लुकलुकतो*. हा खरं तर दोष, पण डोळ्याला लुकलुक चटकन जाणवते, म्हणून काही खेळाडू मुद्दाम तसं ठेवतात. किंमत अशी की जवळ आल्यावर बाह्याकृती दातेरी होते आणि विमान कोणतं ते उशिरा कळतं.

शार्पनिंग थोडं चालतं. ठिपक्याभोवती पांढरी झालर आली की जास्त झालं. मॉनिटरचं स्वतःचं शार्पनेस आणि ग्राफिक्स कार्डचं, दोन्ही एकदम लावू नका. मोशन ब्लर, फिल्म ग्रेन, डेप्थ ऑफ फील्ड हे तिन्ही बंद, त्यावर चर्चा नको. स्क्रीन तिच्या मूळ रिझोल्यूशनवरच चालवा. कमी रिझोल्यूशनचं चित्र ताणलं की एका पिक्सेलचा ठिपका चार पिक्सेलांत विरघळतो.

पुरवणी

'मोठी स्क्रीन, जास्त पिक्सेल म्हणजे जास्त दिसणार' हे नेहमी खरं नसतं. काही सिम्युलेटर दूरच्या विमानाच्या जागी ठरावीक पिक्सेलांचा ठिपका रंगवतात. २७ इंची १०८० रेषांच्या स्क्रीनवर पिक्सेल ०.३१ मिलिमीटरचा, २१६० रेषांच्या स्क्रीनवर ०.१६ चा. तोच एक पिक्सेलचा ठिपका दुसऱ्या स्क्रीनवर क्षेत्रफळाने चौथा हिस्सा होतो. त्यामुळे जुनी स्क्रीनवाला लांबून हेरतो आणि महागडी स्क्रीनवाला चाचपडतो. व्हीआर चष्म्यात सुपरसॅम्पलिंग (चित्र आधी मोठं बनवून मग लहान करणं) वाढवलं की हेच होतं: ठिपका मोठ्या चित्रात काढला जातो, मग चित्र लहान होताना फिकटतो.

दुसरी खोच: ठिपका जाऊन खरं मॉडेल येतं त्या अंतरावर विमान अचानक दिसेनासं होऊ शकतं. १५ किलोमीटरवर दिसत होतं, ६ वर गेलं कुठे? तुमचे डोळे बिघडलेले नाहीत. मॉडेल त्या अंतरावर ठिपक्यापेक्षा फिकं असतं, एवढंच. अशा वेळी झूम करा. पण ठिपक्याच्या टप्प्यात झूम केल्यावर तोच गायब झाला तर लगेच बाहेर या.

डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरच्या २.९ आवृत्तीत, २०२३ मध्ये, हे ठिपके नव्याने बसवले गेले. आयएल-२ ग्रेट बॅटल्स या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये 'अल्टरनेट व्हिजिबिलिटी' नावाची निवड आहे, ती दूरची विमानं मोठी दाखवते. फाल्कन बीएमएस या तिसऱ्यात 'स्मार्ट स्केलिंग' तेच काम अंतरानुसार करतं. या सगळ्यांना मराठीत 'आकारवाढ' म्हणावं. 'दृश्यमानता वाढ' म्हटलं की पुन्हा धुकं आलंच.

विचारणा

मग संघात बोलताना काय म्हणायचं? 'दिसला' पुरेसं नाही?

उत्तर

मुळीच नाही. कोण दिसला? वैमानिकांच्या सांकेतिक भाषेत हे दोन वेगळे शब्द आहेत. शत्रू डोळ्यांनी दिसला तर 'टॅली', नाही दिसला तर 'नो जॉय'. आपला साथी दिसला तर 'व्हिज्युअल', नाही दिसला तर 'ब्लाइंड'. टॅली आलं शिकाऱ्यांच्या 'टॅली-हो' या आरोळीतून. हे चार शब्द मराठी करायच्या भानगडीत पडू नका, ते जसेच्या तसे बरे. वर्णन मात्र मराठीत करा: 'टॅली एक, दहाच्या दिशेला, खाली, चार किलोमीटर.'

'हेरला' आणि 'ओळखला' यातही फरक ठेवा. बोगी म्हणजे कोण ते ठाऊक नाही, बँडिट म्हणजे शत्रू हे पक्कं. ठिपक्याला कधीच बँडिट म्हणू नये.

उत्तर

हरवण्याचेही दोन शब्द हवेत. कॅनॉपीच्या (कॉकपिटवरच्या काचेच्या झाकणाच्या) चौकटीमागे किंवा पंखाखाली गेला तर 'नजरेआड झाला'. डोकं बाजूला सरकवलं की परत दिसतो, म्हणून हेड ट्रॅकिंगमध्ये (डोकं हलवलं की कॅमेरा हलवणाऱ्या उपकरणात) फिरण्याबरोबर सरकण्याचे अक्षही चालू ठेवावेत. उघड्यावर असून हरवला तर 'निसटला'. तेव्हा जिथे शेवटचा दिसला तिथे बघत बसू नका. त्याच्या वेगाच्या दिशेने पुढची जागा हुडका, आणि शक्य असल्यास थोडं खाली उतरून त्याला क्षितिजाच्या वर, उजळ आकाशावर आणा. जमिनीच्या रंगांवर तो विरघळतो.

विचारणा

'स्कॅन करणं'ला 'नजर फिरवणं' म्हणावं का?

उत्तर

'नजर फिरवणं' म्हणजे नेमकी ती चूक जी टाळायची आहे. सतत फिरणाऱ्या नजरेला बारीक ठिपका सापडत नाही, आणि सिम्युलेटरमध्ये कॅमेरा फिरत असताना टीएए तो पुसतंही. वैमानिकांना शिकवतात ते असं: एका वेळी १० अंशांपेक्षा जास्त सरकू नका, प्रत्येक पट्ट्यावर निदान एक सेकंद थांबा. म्हणून 'आकाश चाळणं' सुचवतो. धान्य चाळताना जसं थोडं थोडं घेतो तसं. हेड ट्रॅकिंगच्या वक्ररेषेत (डोकं किती हललं की कॅमेरा किती हलेल हे ती ठरवते) मध्यभागी थोडा मृत भाग, म्हणजे किंचित हालचालीला कॅमेरा दाद देत नाही असा पट्टा, ठेवला तर थांबताना चित्र थरथरत नाही.

चाळताना एक गोष्ट लक्षात ठेवा. काचेवर जागा न बदलणारा, फक्त वाढणारा ठिपका तुमच्यावरच येतोय. हलणारा ठिपका डोळा पकडतो, स्थिर ठिपका सुटतो, आणि स्थिरच जीवघेणा असतो.

पुरवणी

सेटिंग तपासायची असेल तर लढाईत तपासू नका. मिशन एडिटरमध्ये एकाच प्रकारची विमानं ५, ८, १२ आणि १६ किलोमीटरवर ठेवा, काही आकाशावर, काही जमिनीवर, काही समुद्रावर. खेळ थांबवून एका वेळी एकच सेटिंग बदला. स्क्रीनशॉट पीएनजीमध्ये घ्या, कारण जेपीजी बारीक ठिपके खातो. मग १०० टक्के आकारात उघडून ठिपक्याचे पिक्सेल मोजा आणि शेजारच्या रंगाशी ताडून बघा. थांबलेल्या चित्रात टीएएची शेपूट दिसत नाही, म्हणून शेवटची पारख खेळ चालू करून, नजर हळू सरकवत करावी.

विचारणा

आणि 'ठिपका' की 'बिंदू'?

उत्तर

ठिपका. बिंदूला भूमितीत लांबी-रुंदी नसते, आणि तसं असेल तर मग तक्रारच बरोबर आहे, दिसणारच नाही.