तुरुंग वाढवावेत, की तुरुंगातली माणसे कमी करावीत?

नदीकाठ:
महाराष्ट्रातील तुरुंगांची अधिकृत क्षमता सुमारे 25 हजारांची असताना 2022 च्या अखेरीस त्यांत 40 हजारांहून अधिक बंदी होते. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची क्षमता हजाराच्या आत, आणि आत माणसे साधारण तिप्पट. तेथील बराकीत माणूस कुशीवरच झोपतो आणि रात्री शौचालयाला उठला, तर परत येईपर्यंत त्याची जागा बुजलेली असते. मे 2020 मध्ये तेथे दीडशेहून अधिक बंद्यांना करोनाची लागण झाली, यात नवल ते काय? मानखुर्दच्या प्रस्तावित तुरुंगाचे काम आता रेंगाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडकित्ता:
आपली तळमळ मान्य, पण उपाय मान्य नाही. 2022 च्या अखेरीस देशातील बंद्यांपैकी सुमारे 76 टक्के न्यायबंदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध व्हायचा आहे असे. मी विधी साहाय्याची प्रकरणे चालवतो. चोरीच्या आरोपातील माझ्या एका पक्षकाराला 15 हजार रुपयांचा जामीन मंजूर झाला, तरी तो त्यानंतर चार महिने आतच होता, कारण शिधापत्रिका आणि ऐपतीचा दाखला घेऊन उभा राहील असा जामीनदार त्याला या शहरात मिळेना आणि गावाकडचा भाऊ दोनदा येऊन कागद अपुरे म्हणून परत गेला. अशा माणसासाठी नवी बराक बांधायची, की त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर, सोडायचे? गरीब बंद्यांच्या जामिनासाठी 40 हजार रुपयांपर्यंत मदत देणारी केंद्राची योजना 2023 पासून आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार, काही अपवाद वगळता, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत गेल्यावर सोडायचे आहे, आणि ही तरतूद जुन्या प्रकरणांनाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये सांगितले आहे.

नदीकाठ:
निम्मी शिक्षा आत काढलेल्या न्यायबंद्याला सोडण्याची तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही कलम 436 अ म्हणून 2006 पासून होतीच की! तरीही बराकी भरलेल्याच राहिल्या. कायदा कागदावरून बराकीपर्यंत पोहोचेतो आजच्या माणसाने कुशीवरच झोपायचे का? जागा आणि सुटका यांपैकी एकच निवडा, असे मी कुठेही म्हटलेले नाही.

मधली आळी:
निवडावे लागत नाही, पण पैसा आणि माणसे एकाच थैलीतून येतात. नवी मुंबईतील तळोज्याच्या तुरुंगाची क्षमता 2124 आहे. मुंबईवरचा भार हलका होईल म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले, आणि पुढे तोही क्षमतेबाहेर गेला. शिवाय तुरुंग शहराबाहेर गेला, की तारखेला न्यायालयात नेण्यासाठी पोलीस गार्ड अधिक लागतो. गार्ड नसला की बंदी हजर होत नाही, तारीख पुढे जाते आणि मुक्काम लांबतो. मुलाखतीला येणाऱ्या बायकामुलांचा दिवसाचा रोजही बुडतो. त्यापेक्षा खुली कारागृहे, म्हणजे बंद बराकींऐवजी मोकळ्या वसाहतीत बंद्यांना ठेवणारी कारागृहे, वाढवा. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची वसाहत 1939 पासून आहे, आपल्याला प्रयोग नवा नाही.

नदीकाठ:
स्वतंत्रपूर चांगले आहे, परंतु ते सिद्धदोष बंद्यांसाठी. अडकित्ता म्हणतात त्या 76 टक्क्यांना तेथे पाठवता येत नाही, त्यामुळे आर्थर रोडच्या गर्दीवर तो उतारा नव्हे. गार्डचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. नवा तुरुंग मंजूर करताना गार्डची पदे आणि दृक्‌श्राव्य सुनावणीची सोय त्याच आदेशात मंजूर व्हावी, एवढी दुरुस्ती मी माझ्या मतात करतो.

अडकित्ता:
त्या आदेशात जामीन होऊनही आत राहिलेल्यांची यादी दर आठवड्याला न्यायाधीशांसमोर ठेवण्याची अट घाला, मग माझा विरोध निम्म्यावर येईल. माझा तो पक्षकार अखेर जातमुचलक्यावर सुटला. त्याच्या खटल्यात अजून आरोपनिश्चितीही झालेली नाही.